हेड गॅस्केट कॉम्पोझिटचं काढून स्टीलचं बसवताय? मग बोल्ट आवळण्याआधी हे वाचा

आमची जुनी चार सिलिंडरची डिझेल जीप. सोलापुरातलं विजापूर रोडवरचं घर ते मंद्रूपच्या पुढचं रान, एवढाच तिचा रोजचा पल्ला. एका उन्हाळ्यात तिचं हेड गॅस्केट, म्हणजे गॅरेजच्या भाषेत हेड पॅकिंग, उडालं. इंजिनाचं वरचं झाकण म्हणजे हेड, खालचा सिलिंडरांचा भाग म्हणजे ब्लॉक; त्या दोघांच्या मधे हे बसतं. शहरातल्या एका गॅरेजात गाडी दिली. जुनं कॉम्पोझिटचं, म्हणजे पत्र्यावर मऊ थर असलेलं, होतं. "आता स्टीलचं टाकू, कायमचं काम होईल," म्हणाले. आवळताना मी समोरच उभा होतो. टॉर्क म्हणजे पीळ; तो ठरलेल्या आकड्याला पोचला की टॉर्क पाना 'कट्' वाजतो. तो वाजल्यावर कारागिराने साध्या पान्याला पाईप लावून प्रत्येक बोल्टला आणखी एक दम दिला. म्हणे, स्टील आहे, जरा जास्तच लागतं.

तीन आठवड्यांनी तुळजापूरच्या घाटात तापमानाचा काटा लाल पट्टीत गेला आणि हेडच्या मागच्या कोपऱ्यातून पाणी झिरपायला लागलं. हेड पुन्हा उतरवलं, तर दोन बोल्ट मधेच बारीक झालेले, आणि एकाबरोबर ब्लॉकमधले आटेसुद्धा निघून आले.

दुसऱ्या वेळी काम मी स्वतः केलं, अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका लेथवाल्या मामांच्या धाकात. तेव्हा जे कळलं ते इथे क्रमाने लिहितोय. ज्यांनी आयुष्यात एकदाही हेड उतरवलेलं नाही, त्यांना समोर धरून लिहितोय.

१. टॉर्कचा आकडा नेमका कशाचा असतो

सगळ्यांचा पहिला प्रश्न हाच: गॅस्केटचा प्रकार बदलला तर टॉर्क वाढवायचा का? मनाने वाढवायचा नाही. नव्या गॅस्केटच्या पाकिटात आवळण्याचा तक्ता असेल तर तो पाळायचा, नसेल तर इंजिनाच्या मॅन्युअलमधला. तक्ता बोल्ट कुठला धरून दिलाय तेही बघायचं. दोन्हींत नसलेला तिसरा आकडा कुणी सांगितला, तर ऐकून घ्यायचं आणि चहा पाजून वाटेला लावायचं.

कारण असं. बोल्ट आवळला की तो रबरासारखा ताणला जातो, फार थोडा, पण ताणला जातो. तो ताणच हेडला ब्लॉकवर दाबून धरतो. आपल्याला हवा असतो ताण, पण पान्यावर मोजता येतो फक्त पीळ. आणि त्या पिळातला साधारण ९० टक्के भाग घर्षणात जातो: निम्मा बोल्टच्या डोक्याखाली, बराचसा आट्यांत. ताणासाठी उरतो दहावा हिस्सा.

आता आकडे घेऊन बघा. १२ मिमीचा बोल्ट, टॉर्क १०० न्यूटन मीटर. आटे कोरडे असतील तर दाब येतो साधारण सव्वाचार टन. त्याच आट्यांना तेल लावलं तर साडेपाच टनांपर्यंत जातो. पाना दोन्ही वेळा तितक्याच आकड्यावर 'कट्' वाजतो. म्हणजे तेलाच्या चार थेंबांनी सव्वा टनाचा फरक पडला. डोक्यावर ८.८ असा शिक्का असलेला १२ मिमीचा बोल्ट पाच टनांच्या आसपास कायमचा लांबायला लागतो; १०.९ शिक्क्याचा सात टनांपर्यंत टिकतो. हार्डवेअरच्या दुकानातून "मापाचाच आहे" म्हणून ८.८ चा बोल्ट आणून हेडला लावू नका, ते यासाठी.

हेडला एवढा दाब लागतो कशाला? ९० मिमीच्या सिलिंडरात ८० बारचा दाब धरला, आणि डिझेलमध्ये तेवढा सहज होतो, तर प्रत्येक स्फोटाला हेड पाच टनांनी वर उचललं जातं. मिनिटाला शेकडो वेळा.

२. मग गॅस्केटच्या प्रकाराने काय बदलतं

तीन गोष्टी बदलतात.

पहिली, बसणं. कॉम्पोझिट म्हणजे मधे पत्रा आणि दोन्ही बाजूंना ग्रॅफाइटसारखा मऊ थर. इंजिन पहिल्यांदा तापून थंड झालं की हा थर आणखी दबतो. १०० मिमी लांबीचा बोल्ट पूर्ण आवळल्यावर एकूण लांबतो साधारण ०.२ मिमी. गॅस्केट ०.०५ मिमीनं बसलं तर पाव ताण गेला. बरीच जुनी कॉम्पोझिट गॅस्केटं बसवल्यावर पुन्हा आवळायला सांगतात, ते याच्यासाठी. स्टीलचं थरांचं गॅस्केट, ज्याला दुकानदार एमएलएस म्हणतात, असं बसत नाही. त्याला उठावाच्या कडा असतात, त्या स्प्रिंगसारख्या काम करतात. त्याला सहसा पुन्हा आवळणं लागत नाही.

दुसरी, अंशांचं आवळणं. काही इंजिनांत आधी थोडा टॉर्क आणि मग ९० अंश, पुन्हा ९० अंश असं लिहिलेलं असतं. १.७५ मिमी पिचचा (पिच म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर) बोल्ट ९० अंश फिरवला की ०.४४ मिमी आत जातो. त्यातलं किती बोल्टच्या ताणात जाणार आणि किती गॅस्केट दबण्यात, हे गॅस्केट किती कडक आहे त्यावर ठरतं. कॉम्पोझिटसाठी लिहिलेले अंश स्टीलवर वापरले की बोल्ट जास्त ताणला जातो. टॉर्कच्या आकड्याचं दुखणं घर्षणाशी असतं, अंशांचं गॅस्केटच्या कडकपणाशी. दोन्हींची सरमिसळ करू नका.

तिसरी, पृष्ठभाग. त्यावर खाली सविस्तर लिहितो, कारण माझ्या गाडीचं पहिलं काम तिथेच फसलं होतं.

तांब्याच्या पत्र्याचं गॅस्केट हा आणखी एक प्रकार. ते लाल तापवून मऊ करून घ्यावं लागतं, त्यावर सीलंट लागतं, आणि रोजच्या गाडीत ते पाण्याची भोकं नीट धरेलच असं नाही. नवख्याने त्याच्या नादी लागू नये.

३. काय काय जमवायचं

कागद आधी. आपल्या इंजिनाचं मॅन्युअल, निदान हेडचं पान: टॉर्क, आवळण्याचा क्रम, आटे कोरडे की तेलाचे, बोल्ट पुन्हा वापरायचे की नाही. इंजिन नंबर लिहून घ्या. एकाच मॉडेलला दोन वर्षांत दोन वेगळी गॅस्केटं असू शकतात. नव्या गॅस्केटचं पाकीट आणि आतली चिठ्ठी फेकू नका.

अवजारं: टॉर्क पाना, अंश मोजायची चकती, चांगली सॉकेट, सरळ धारेची स्टील पट्टी, फिलर गेज (फट मापायच्या पातळ पात्या), स्टँडसकट डायल गेज, आटे साफ करायचा चेसर, प्लास्टिकचं खरवडणं, इंजेक्शनची मोठी सिरिंज, पेंटची बाटली, मास्क, हातमोजे. डायल गेज विकत घेऊ नका, लेथवाल्याकडून दिवसभरासाठी मागा.

टॉर्क पान्याबद्दल दोन सापळे. एक, एकक. जुन्या मॅन्युअलमध्ये किलो-मीटर (kg-m, अंतराचा किलोमीटर नव्हे) असतं, पान्यावर न्यूटन मीटर किंवा फूट-पाउंड. १० किलो-मीटर म्हणजे ९८ न्यूटन मीटर, म्हणजे ७२ फूट-पाउंड. मॅन्युअलमधला ७२ फूट-पाउंडचा आकडा न्यूटन मीटरच्या रेघेवर लावलात तर बोल्ट चौथाई ढिले राहतील, आणि ९८ चा आकडा फूट-पाउंडवर लावलात तर मोडतील. दुसरा, पाना त्याच्या मापाच्या मधल्या भागात वापरा, ठेवताना सर्वांत खालच्या आकड्यावर सोडून ठेवा, आणि गंजलेले बोल्ट सोडवायला तो चुकूनही वापरू नका. मामांचा पाना कापडात गुंडाळून पेटीत असतो आणि ती पेटी देवघराच्या खालच्या फळीवर.

४. हेड उतरवण्याआधी

रेडिएटरमध्ये बुडबुडे, ऑइल दुधाळ, पांढरा धूर, थंड इंजिन सुरू करताच वरचा होज दगडासारखा कडक: ही गॅस्केट गेल्याची लक्षणं. पण ते का गेलं हे शोधल्याशिवाय नवं टाकलं तर पुन्हा जाणार. आपल्याकडे बोअरचं पाणी जड. वर्षानुवर्षं तेच रेडिएटरमध्ये ओतलं की नळ्यांत पांढरा क्षार बसतो, आणि एप्रिल-मेच्या ४२-४३ अंशांत इंजिनाला श्वास उरत नाही. माझ्या रेडिएटरच्या निम्म्या नळ्या बंद होत्या. पहिल्या गॅरेजने त्याच्याकडे बघितलंही नव्हतं.

कूलंट भांड्यात काढा, जमिनीवर सोडू नका. ते चवीला गोड आणि विषारी असतं. कुत्री, शेळ्या पितात.

इंजिन पूर्ण थंड असतानाच बोल्ट सोडा. आवळण्याच्या उलट क्रमाने, म्हणजे कडेकडून मधे, आणि प्रत्येक बोल्ट एकदम न काढता आधी सगळे थोडे थोडे ढिले करा. गरम असताना किंवा वेड्यावाकड्या क्रमाने सोडलं की हेडला बाक येतो, ॲल्युमिनियमचं असेल तर नक्कीच. काढलेले बोल्ट पुठ्ठ्याला भोकं पाडून ज्याच्या त्याच्या जागेवर खोचून ठेवा. मी चादरींच्या खोक्याचा पुठ्ठा वापरला. सोलापुरात त्याला तोटा नाही. पुश रॉडसुद्धा (व्हॉल्व्ह उघडायला ढकलणाऱ्या काड्या) तसेच ओळीने.

५. साफसफाई: इथे घाई नको

जुनं गॅस्केट बरंच जुनं असेल तर त्यात ॲस्बेस्टॉस असू शकतं, असंच धरून चाला. कोरडं खरवडू नका, वायर ब्रश मारू नका, हवेच्या पाईपने उडवू तर अजिबात नका. आधी ओलं करा, मास्क लावा, ओला चोथा पिशवीत बांधा.

ग्राइंडरला लावायच्या खरबरीत चकत्यांचा मोह आवरा. पृष्ठभाग चकचकीत होतो, पण त्यात नखाला न कळणारे खळगे पडतात आणि चकतीची पूड ऑइलच्या वाटांतून बेअरिंगपर्यंत जाते. प्लास्टिकचं खरवडणं, गॅस्केट काढायचं द्रावण आणि एक दुपार, एवढं पुरतं. सिलिंडर आणि ऑइलची भोकं त्याआधी कापडाने बुजवा, आणि कापडं मोजून ठेवा.

६. फेस आणि खरबरीतपणा

स्टीलची पट्टी हेडवर लांबीत, रुंदीत आणि दोन्ही कर्णांवर ठेवून खालून फिलर गेज सरकवून बघायचं. मॅन्युअलची मर्यादा पाळा. पूर्ण लांबीत ०.१ मिमीची पाती सहज जात असेल तर बहुतेक हेडं फेस मारायला, म्हणजे टेकणारा पृष्ठभाग मशीनवर सपाट करून घ्यायला, द्यावी लागतात. ब्लॉकवरही हेच करा. लोक हेड मापतात आणि ब्लॉक विसरतात.

आता खरबरीतपणा. कॉम्पोझिटचा मऊ थर बारीक रेघांत शिरून बसतो, त्यामुळे त्याला थोडा खरबरीत फेस चालतो, १.५ ते ३ मायक्रॉनपर्यंत. एमएलएसला गुळगुळीत लागतो, ०.८ मायक्रॉनच्या आसपास किंवा त्याहून कमी. माझ्या गाडीत आधी कॉम्पोझिटसाठी मारलेला फेस तसाच ठेवून त्यावर स्टीलचं टाकलं होतं. मामांनी हेड उजेडात तिरकं धरलं आणि नख फिरवलं. नखाला ग्रामोफोनच्या तबकडीसारख्या रेघा लागत होत्या.

मी विचारलं, "मामा, म्हणून पाणी गळत होतं का? मग अजून आवळलं असतं तर?"

"आवळ की. आणि तुटलेला बोल्ट काढायला परत माझ्याकडंच ये."

फेस मारायला देताना "एमएलएससाठी हवाय" हे शब्द उच्चारा. न सांगता दिलं तर त्यांच्या मशीनवर जी सेटिंग असेल तीच मिळते. आणि किती काढलं ते चिठ्ठीवर लिहून घ्या. डिझेलच्या हेडला फेस मारला की व्हॉल्व्ह फेसच्या बाहेर, पिस्टनच्या बाजूला येतात, ते पिस्टनला टेकणार नाहीत ना हे लेथवाल्याकडून मापून घ्यायचं.

७. जाडी: डिझेलवाल्यांनी हे वगळू नये

डिझेल इंजिनात पिस्टन वर आल्यावर ब्लॉकच्या पातळीच्या थोडा वर येतो. तो किती येतो त्यावर गॅस्केटची जाडी ठरते. एकाच इंजिनाला दोन-तीन जाड्या मिळतात आणि त्या गॅस्केटच्या कडेच्या खाचांनी किंवा भोकांनी ओळखतात. डायल गेजने प्रत्येक पिस्टन दोन ठिकाणी मापा, सर्वांत जास्त आलेलं माप धरा, मॅन्युअलच्या तक्त्यात बघा. "जुन्यासारखंच द्या" म्हणून नवी पेठेत पाकीट घेऊ नका. जुनं कुणीतरी चुकीचं बसवलेलं असू शकतं, आणि दबलेल्या जुन्या गॅस्केटची जाडी मापून काही कळत नाही.

जाडीच्या फरकाने काय होतं? ९० मिमीच्या सिलिंडरला ०.२ मिमी जाड गॅस्केट म्हणजे सव्वा सीसी जागा वाढली. ६०० सीसीच्या सिलिंडरात १८ चं कॉम्प्रेशन (हवा किती पट दाबली जाते ते) साडेसतराच्याही खाली येतं. उन्हाळ्यात कळणार नाही. जानेवारीतल्या गड्ड्याच्या यात्रेच्या थंडीत सकाळी सेल्फ मारताना कळेल. पातळ घातलं तर त्याहून वाईट, पिस्टन हेडला टक्कर देईल.

८. बोल्ट आणि भोकं

अंशांनी आवळायचे बोल्ट बहुतेक वेळा एकदाच वापरायचे असतात. ते मुद्दाम लांबण्याच्या हद्दीपर्यंत ताणलेले असतात. नवा संच घ्या, त्यात काटकसर नको. साधे बोल्ट पुन्हा वापरायचे असतील तर सगळे एका ओळीत उभे करा: एखादा लांब दिसला, मधेच बारीक वाटला, किंवा नवं नट हाताने शेवटपर्यंत गेलं नाही, की बाद.

ब्लॉकमधले आटे चेसरने साफ करा. कापणारा टॅप फिरवलात तर तो लोखंडही खातो आणि आटे ढिले होतात.

बंद भोकात ऑइल किंवा पाणी राहू देऊ नका. बोल्ट आत गेला की पातळ पदार्थ दबत नाही. पाना 'कट्' वाजतो, बोल्ट आवळला गेलेला नसतो, आणि कधी कधी ब्लॉकला तडा जातो. सिरिंजने ओढा, मग काडीला कापूस गुंडाळून टिपा, कापूस कोरडा येईपर्यंत. माझ्या एका भोकातून अर्धा चमचा पाणी निघालं, सगळं साफ केल्यावर. जी भोकं आरपार पाण्याच्या वाटेत उघडतात, त्यांच्या आट्यांना सीलंट लागतं. कुठली ते मॅन्युअल सांगतं.

तेल लावायचं असेल तर इंजिन ऑइल, आट्यांवर आणि डोक्याखाली, बोटाने पुसल्याइतकं. काळी मॉली ग्रीस तेलापेक्षाही निसरडी. तिच्यासाठी वेगळा, कमी आकडा दिलेला नसेल तर ती लावू नका. आणि एक बोल्ट तेलाचा, दुसरा कोरडा असं होऊ देऊ नका.

९. बसवणं आणि आवळणं

एमएलएसवर थर दिलेलाच असतो. त्यावर सिलिकॉन, शेलॅक, ग्रीस काहीही लावायचं नाही, पाकिटात वेगळं सांगितलेलं नसेल तर. 'वर' लिहिलेली बाजू वर. ऑइलचं भोक उघडं राहतंय ना, हे टॉर्चने बघा. दोन जुन्या बोल्टांची डोकी कापून ते कोपऱ्यात गाइड म्हणून हाताने लावले की हेड सरळ खाली उतरतं, गॅस्केट खरचटत नाही. हेड एकट्याने उचलू नका. मी भाच्याला बोलावलं होतं.

सगळे बोल्ट आधी हाताने. मग मधून कडेला गोल गोल, मॅन्युअलच्या क्रमाने, टप्प्याटप्प्याने. शेवटचा आकडा १०० असेल तर ३०, मग ६०, मग १००. क्रम खडूने हेडवर लिहून ठेवा. अर्ध्यात फोन वाजला की कोणता झाला ते आठवत नाही. फोन बंदच ठेवा.

पाना हळू, एका दमात ओढा. आकड्याच्या जवळ येऊन थांबलात की थांबलेल्या बोल्टला पुन्हा हलवायला जास्त जोर लागतो, आणि पाना लवकर वाजतो. असं झालं तर तेवढाच बोल्ट पाव फेरा सोडून पुन्हा ओढा. 'कट्' ऐकल्यावर दुसऱ्यांदा 'कट्' करून खात्री करायची सवय बऱ्याच जणांना असते. नका करू. पान्याच्या टोकाला जोड लावला तर आकडा बदलतो. शक्यतो जोडाशिवाय काम करा.

अंशांचा टप्पा असेल तर प्रत्येक डोक्यावर पेंटचा ठिपका एकाच दिशेला द्या. ९० अंश फिरल्यावर सगळे ठिपके एका बाजूला वळलेले दिसले पाहिजेत. एखादा बोल्ट अचानक मऊ फिरायला लागला तर तिथेच थांबा. आटे सुटताहेत किंवा बोल्ट गेलाय. पूर्ण काढून बघा. "होईल बसून" म्हणत पुढे जाऊ नका.

१०. सुरू केल्यावर

रेडिएटरमध्ये कूलंट आणि डिस्टिल्ड पाणी निम्मं निम्मं. बोअरचं पाणी पुन्हा नाही. हवा काढा, झाकण उघडं ठेवून थोडं चालवा, पातळी उतरली की भरा. त्यानंतर पूर्ण तापू द्या, पंखा लागतोय का बघा, आणि रात्रभर थंड होऊ द्या. गरम असताना झाकण उघडायचं नाही, हे आईनेही सांगितलेलं असतं.

पुन्हा आवळायचं का? चिठ्ठीत लिहिलं असेल तरच, आणि चिठ्ठीत 'गरम असताना' असं नसेल तर थंड इंजिनावर. त्याच क्रमाने एकेक बोल्ट पाव फेरा सोडायचा आणि ठरलेल्या आकड्यावर परत आणायचा. सगळे एकदम ढिले करायचे नाहीत. अंशांच्या बोल्टांना आणि बहुतेक एमएलएसला हात लावू नका. पुन्हा आवळलंच तर टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हच्या वरची फट, परत मापून लावावे लागतात, कारण हेड थोडं खाली आलेलं असतं.

पहिले काही दिवस रोज सकाळी थंड गाडीत दोन गोष्टी: कूलंटची पातळी आणि ऑइलच्या काडीचा रंग. आठवडाभराने मी जीप घेऊन तोच तुळजापूरचा घाट चढलो, मागे ज्वारीची चार पोती. वर पोचल्यावर बॉनेट उघडून मागच्या कोपऱ्यात बोट फिरवलं. बोटाला फक्त धूळ लागली.